सबब, सूचना रद्द

एकदा मी कोथरूडच्या एका अख्ख्या रस्त्याला गृहपाठ लावला होता. मुद्दाम नाही. माझ्या तोंडून एक शब्द ढिला सुटला, आणि पुढचे दोन महिने आमच्या सोसायटीत, डेअरीवर, ब्यूटी पार्लरमध्ये आणि पार बुधवार पेठेपर्यंत जे काही झालं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, असं सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मला लेखी दिलं होतं. ते त्यांनी इंग्रजीत दिलं होतं, त्यामुळे त्यातही चार चुका होत्या.

मी मूळची वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा ट्रंकेत एम.ए. इंग्रजीचं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात अशी समजूत होती की इथल्या शाळा माझी वाट बघून असतील. कसलं काय. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. दोन्हीकडे माझ्या इंग्रजीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, मराठीबद्दल मात्र काढला. मी ‘मी आली’ म्हटलं की समोरचा माणूस ‘आले’ म्हणायचा, इतकं सहज की त्याला स्वतःलाही कळायचं नाही. ‘काम करून राहिली’ म्हटलं की बायका विचारायच्या, कुठे राहिलात? सहा वर्षं मी पुण्यात तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनातल्या मनात इस्त्री करून घेत होते. अंगाची लाही लाही व्हायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, ‘लक्ष नको देऊस.’ तो भोसरीला कारखान्यात मशीनच्या खडखडाटात दिवस काढायचा, त्याला लक्ष न देण्याची सवयच होती.

मग ते दिवस आले. ज्या घरात बघावं तिथून एक कॉम्प्युटरवाला निघायला लागला. कालपर्यंत ज्याला दूध आणायला पाठवत होते तो आज अमेरिकेला निघालेला असायचा, आणि त्याच्या मागोमाग त्याची बायको. आमच्या वरच्या मजल्यावरची अशीच एक नवी सून एका सकाळी माझ्या दारात उभी राहिली. व्हिसाच्या मुलाखतीत साहेब काय विचारेल, आणि विचारलं तर आपण काय सांगायचं, या काळजीने तिचा चेहरा उतरला होता. तीन आठवडे मी तिला रोज दुपारी बोलतं केलं. ती गेली, व्हिसा घेऊन आली, पेढे दिले आणि तिच्या दोन मैत्रिणी माझ्या गळ्यात टाकून विमानात बसली. दोनाच्या सहा झाल्या, सहाच्या बावीस.

फळा नव्हता. लोखंडी कपाटाच्या दारावर मी खडूने लिहायचे आणि ओल्या फडक्याने पुसायचे. बसायला सतरंजी. जिन्यात चपला. तळमजल्यापासून वर बघितलं तरी कळावं की तिसऱ्या मजल्यावर काहीतरी चाललंय, इतक्या चपला. ते दृश्य बघून माझं मन भरून यायचं, खोटं कशाला बोलू. ज्या शहराने मला सहा वर्षं नुसतं ‘आले’ म्हणायला लावलं होतं, त्या शहरातली माणसं तीन जिने चढून माझ्याकडे शिकायला येत होती आणि मला मॅडम म्हणत होती. हा क्लास गेला असता तर मी परत नुसती तिसऱ्या मजल्यावरची बाई उरले असते, एवढं मला तेव्हाही स्वच्छ कळत होतं.

बावीसजणांत वीस सुना होत्या, एक नर्स होत्या आणि एकटेच पुरुष म्हणजे बँकेतले काका. पन्नाशीचे, बुटके, खिशाला तीन पेनं. त्यांना अधिकारीपदाची परीक्षा द्यायची होती. सुनांच्या घोळक्यात ते दाराजवळ भिंतीला टेकून बसायचे, आणि त्यांनी उत्तर दिलं की सुना टाळ्या वाजवायच्या. ते लाजायचे, पण पुढच्या वेळी हात आधी तेच वर करायचे.

आता खरी गोष्ट. इंग्रजीत अक्षराच्या डोक्याशी एक स्वल्पविराम टांगलेला असतो ना, अपॉस्ट्रॉफी, ते नाव घेताना निम्म्या वर्गाची जीभ अडखळायची. एका सुनेने त्याला ब्लाउजच्या नाडीवरून ‘लटकन’ म्हटलं आणि तेच नाव पडलं. या लटकनाने माझा जीव मेटाकुटीला आणला होता. शब्दाच्या शेवटी एस दिसला की यांना त्याच्याआधी एक लटकन दिल्याशिवाय चैन पडायचं नाही. पाहुणा दारात आला आणि रिकाम्या हाताने कसा पाठवायचा, तशातला प्रकार. दोन आंबे लिहिले तरी लटकन, चार पिशव्या लिहिल्या तरी लटकन.

एक दिवस माझं डोकं फिरलं. कपाटाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: मालकी की गर्दी? म्हटलं, बायांनो, आणि काका, नीट ऐका. आपल्याकडे ‘चा, ची, चे’ येतो ना, तसं कोणाचं तरी काहीतरी असेल, तर लटकन. नुसते एकाचे चार झाले असतील, तर त्याला हात लावायचा नाही. संपलं. एवढंच आहे.

आणि ते कळलं. एकदम, सगळ्यांना, एकाच दुपारी. शिकवणाऱ्याच्या नशिबात अशा दुपारी फार नसतात. जी ती ओरडायला लागली, मालकी, गर्दी, मालकी, गर्दी. नर्सबाईंनी डोळे पुसले. त्या वीस वर्षं पेशंटांच्या कागदांवर लटकनं वाटत आल्या होत्या. मीही हवेत होते. त्याच भरात मी म्हणाले, ‘उद्या येताना प्रत्येकाने रस्त्यावरच्या दहा चुका दुरुस्त करून या.’

मला म्हणायचं होतं, वहीत लिहून आणा. पण मराठी शाळेतून शिकलेल्या माणसाला बाईंनी ‘दुरुस्त करा’ म्हटल्यावर तो वहीत लिहीत बसत नाही, तो दुरुस्त करतो.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तो असा की कोणी खाली बसेचना. प्रत्येकीला आधी आपलं सांगायचं होतं. एकीने डेअरीच्या पाटीवरच्या अंड्यांचं लटकन थुंकी लावून बोटाने पुसलं होतं. एकीने ब्यूटी पार्लरच्या काचेवर चिकटवलेलं हेअरपिनने खरवडून काढलं होतं. मालकीण बाहेर आली, म्हणाली, काय खरवडताय? ही म्हणाली, ‘इथे नुसती गर्दी आहे हो.’ ती म्हणाली, ‘कुठली गर्दी? सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही.’ तिसरी तेव्हा गाडी शिकत होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीच्या मागच्या काचेवर जिथे लटकन हवं होतं तिथे नव्हतं, म्हणून ती कर्वे रस्त्याच्या सिग्नलला गाडीतून उतरली, पर्समधली काजळाची पेन्सिल काढली, लटकन दिलं आणि परत येऊन स्टिअरिंगवर बसली. तोवर सिग्नल सुटून गेला होता आणि मागचा बसवाला तिच्या आईवडिलांची चौकशी करत होता.

बँकेतले काका सगळ्यात शेवटी बोलले. ते ऑफिस सुटल्यावर स्कूटर घेऊन थेट बुधवार पेठेत गेले होते. तिथे इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, आणि प्रत्येक दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर लिहिलेले भाव. रेडिओ, कॅसेट, बॅटऱ्या, सगळ्यांना लटकनं. काकांनी लाल पेनाने दहा नाही, सदतीस काढली. एक दुकानदार काउंटरमागून शांतपणे बघत होता. शेवटी तो म्हणाला, ‘घ्यायचं काही नसेल तर शिकवू नका.’

‘आणि हो मॅडम,’ काका म्हणाले, ‘प्रत्येक ठिकाणी शेजारी सही केली आहे. तारखेसकट.’

‘सही कशाला?’

‘खाडाखोड केली की सही नको का?’ त्यांना माझाच प्रश्न विचित्र वाटला. पंचवीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. चेकवर, व्हाउचरवर, कुठेही अक्षर बदललं की शेजारी पूर्ण सही, हे त्यांच्या रक्तात होतं. बुधवार पेठेतल्या सदतीस पुठ्ठ्यांवर त्यांचं नाव लागलं होतं. मी हसून हसून सतरंजीवर बसले, आणि त्या दिवशी पुढे काही शिकवणं झालंच नाही.

मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण मजा कोणाला नको असते?

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. इमारतीत दोन घरं परप्रांतीयांनी घेतली तेव्हा त्यांनी ठराव करून घेतला होता की यापुढे सगळ्या सूचना इंग्रजीत निघतील. तेव्हापासून जिन्याखालच्या फलकावर त्यांचं इंग्रजी टाचणीने लावलेलं असायचं. एक दिवस बँकेतले काका क्लासला दहा मिनिटं लवकर आले, आणि फलकावर पाण्याची टाकी धुण्याची सूचना होती.

सेक्रेटरीकाका तो कागद हातात घेऊन वर आले तेव्हा वर्ग चालू होता. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. आधी जिन्यातल्या चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘हे आपल्याकडचं?’

‘काय आहे?’

‘सोसायटीच्या सूचनेवर अकरा ठिकाणी लाल गोल आणि अकरा सह्या. माझ्या निवृत्तीच्या निरोपपत्रावरसुद्धा एवढ्या सह्या नव्हत्या.’

मी माफी मागून विषय मिटवायला हवा होता, पण माझ्या मागे बावीसजण कान टवकारून बसले होते. मी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, ‘अकरा नाही हो, तेरा आहेत. दोन राहिल्यात.’

आत कोणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरीकाकांनी कागदाची नीट चौकोनी घडी घातली.

‘आभारी आहे,’ ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुण्यात कोणी एवढ्या शांतपणे आभार मानले की समजायचं, आपलं काही खरं नाही.

चारच दिवसांत नवी सूचना लागली. विशेष सर्वसाधारण सभा. विषय एकच: तिसऱ्या मजल्यावर राहत्या घरात चालणारा क्लास बंद करण्याबाबत. आधार म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंची लेखी तक्रार, जिन्यातल्या चपलांत पाय अडकून त्या दोनदा पडता पडता वाचल्या होत्या. मी ते फलकासमोर उभी राहून दोनदा वाचलं. नियम त्यांच्या बाजूने होता. हात वर झाले की क्लास बंद. घरी येऊन मी भांडी इतकी जोरात घासली की कुकरच्या झाकणाला पोचा आला. नवरा म्हणाला, दुसरीकडे जागा बघू. कुठली बघणार? त्याच्या पगारात आम्ही आहे ती जागाच कशीबशी घेतलेली.

मी वर्गाला सांगितलं. बँकेतले काका त्या दिवशी आले नव्हते. ते आले दुसऱ्या दिवशी, नेहमीसारखे दहा मिनिटं लवकर, आणि त्यांनी फलक बघितला.

त्यांनी अर्थ वाचलाच नाही हो. नुसते एस वाचले. नऊ चुका, नऊ गोल, नऊ सह्या. वर येऊन मला आनंदाने म्हणाले, ‘खाली एक चांगला नमुना लागलाय.’

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता सेक्रेटरीकाका सभेची वाटही बघणार नाहीत. संध्याकाळी सेक्रेटरीकाका फलकासमोर उभे, भोवती आठदहा बिऱ्हाडं. मी जिन्यातून वाकून ऐकत होते.

‘खाडाखोड झालेली सूचना ग्राह्य नाही,’ ते म्हणाले. ‘खाडाखोडीवर सही आहे, पण ती सूचना काढणाऱ्याची नाही, त्रयस्थाची आहे. सबब, सूचना रद्द. नवीन निघेल. पूर्ण चौदा दिवसांची.’

‘अहो, पण मजकूर कळतोय की,’ कोणीतरी म्हणालं.

‘कळणं हा मुद्दा नाही.’

मी जिन्यातच बसले. या माणसाने माझा क्लास बंद करण्याची सभा स्वतःच्या हाताने रद्द केली होती, कारण नियम म्हणजे नियम. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

आता सुनांना अर्थातच गुपित कळलं. मी डोळे वटारून बजावलं, ‘खबरदार कोणी पुढच्या सूचनेला पेन लावलं तर.’ त्यांनी अत्यंत आज्ञाधारकपणे माना डोलावल्या. दुसरी सूचना टाइप करून लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर सात टिकल्या होत्या. प्रत्येक चुकीच्या लटकनावर एक, मरून रंगाची, मधे खडा. दुरून ती सूचना हळदीकुंकवाला निघाल्यासारखी दिसत होती.

‘पेन लावलं नाही, मॅडम,’ सुना म्हणाल्या.

सेक्रेटरीकाकांनी एक टिकली नखाने काढायला बघितली, तिच्याबरोबर कागदही निघाला. ‘फाटलेली आणि अलंकार चढवलेली सूचना ग्राह्य नाही,’ त्यांनी जाहीर केलं. ‘सबब, रद्द.’ त्या दिवशी क्लासमध्ये चहा झाला, भेळ झाली, नर्सबाईंनी गाणं म्हटलं. मी आनंदाने वेडीपिशी झाले होते, आणि मनातून थोडी लाजही वाटत होती, पण ती मी भेळेबरोबर गिळली.

त्यानंतर तीनचार दिवसांनी, दुपारी चारला, बेल वाजली. क्लासला सुट्टी होती. नवरा पहिली पाळी करून नुकताच घरी आला होता. दारात सेक्रेटरीकाका, काखेत फाइल.

‘आत येऊ का?’

त्यांनी चपला काढल्या, भिंतीला समांतर लावून ठेवल्या आणि सतरंजीवर, बँकेतले काका बसायचे नेमके तिथे, मांडी घालून बसले. फाइलीतून एक कागद काढला.

‘ही सूचना आहे. लावण्याआधी तपासून द्या. चूकच नसेल तर कोणी हात लावणार नाही.’

‘कसली सूचना?’

‘आपला क्लास बंद करण्याची.’

मला आधी हसू आलं. मग असा संताप आला की माझी इस्त्री केलेली मराठी कुठल्या कुठे पळाली. ‘म्हणजे माझ्याच क्लासच्या मुळावर मीच घाव घालू? काहून? तुम्हाला काही वाटून राहिलं का नाही?’

‘वाटतं,’ ते म्हणाले. त्यांनी माझं वाक्य दुरुस्त केलं नाही. ‘पण हे ज्यांना विचारावं असं दुसरं कोणी मला माहीत नाही.’

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. नवरा चहा टाकत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो गॅस बारीक करून कुजबुजला, ‘एक ठेव. एकच. त्यांना काय कळतंय. बाकीचं तुझे बँकेतले काका बघून घेतील.’

सहा वर्षांत त्याने मला दिलेला तो पहिला बेइमान सल्ला, आणि अगदी बरोबर सल्ला होता. मी पेन घेऊन ओट्याशीच उभी राहिले. सात चुका होत्या. सहा पटापट केल्या. सातवी विषयाच्याच ओळीत होती, लहानशी, सहज नजरेतून सुटेल अशी. ती तशीच सोडली की आणखी चौदा दिवस, मग आणखी चौदा. मी पेनाला टोपण लावलं. लावलं आणि काढलं. पुन्हा लावलं. चहा उकळून वर आला.

बाहेर तो म्हातारा माणूस सतरंजीवर ताठ बसून वाट बघत होता. सहा वर्षं या शहराने माझी वाक्यं दुरुस्त केली होती, येता जाता, शेकडो वेळा, आणि त्यातल्या एकानेही मला समोर बसवून कधी सांगितलं नव्हतं की बाई, हे असं का. आणि मी काय केलं होतं? त्यांना तेरा चुका मोजून दाखवल्या होत्या, बावीसजणांसमोर. त्यांच्या जागी मी असते तर मलाही फलक जाळावासा वाटला असता. मी टोपण काढलं आणि सातवी चूक केली दुरुस्त.

‘सगळ्या झाल्या?’ त्यांनी विचारलं.

‘सगळ्या. पण अशा नेऊ नका. का ते बघा.’

मग तासभर मी त्यांना शिकवलं. कपाटाच्या दारावर लिहून, पुसून, परत लिहून. ते वहीत उतरवून घेत होते. चहा तसाच गार झाला. मधेच थांबून ते म्हणाले, ‘मी कारकून म्हणून लागलो तेव्हा जुन्या फाइली बघून मसुदे लिहायचो. साहेबांनी जिथे घातलं, तिथे मी घातलं. साहेबांनी बहुतेक त्यांच्या साहेबांचं बघून घातलं असणार. पस्तीस वर्षं कोणी काही बोललं नाही. आणि मग एकदम लाल पेन.’ ते एवढंच बोलले आणि पुढचं उदाहरण मागितलं.

तिसरी सूचना चौदा दिवस फलकावर राहिली. बँकेतले काका पहिल्या दिवशी तिच्यासमोर दहा मिनिटं उभे होते. मग त्यांनी पेन खिशात ठेवलं, वर आले आणि खिन्नपणे म्हणाले, ‘निर्दोष आहे, मॅडम.’ सुनांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरच विकलंय. एकीने तर विचारलंच, ‘तुम्ही का केलंत हे?’ मी म्हणाले, गृहपाठ काढा.

रविवारी सकाळी दहा वाजता खाली गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या. एरवी गणसंख्या भरत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागायचं, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. सभासद म्हणून नवऱ्याचं नाव होतं, मी त्याच्या शेजारी. मी काही बोलणार नाही असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. माझे हात मी साडीच्या निऱ्यांत लपवले होते.

सेक्रेटरीकाकांनी विषय वाचला. आवाज नेहमीसारखा कोरडा. राहत्या घरातला क्लास बंद करावा, सूचक ते स्वतः. मग त्यांनी मान वर केली.

‘अनुमोदक?’

वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

‘अनुमोदक?’ त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे बघितलं. ‘अहो, तक्रार आपलीच होती.’

काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. शोधता शोधताच म्हणाल्या, ‘तक्रार चपलांची होती. क्लासची नव्हती. एक रॅक करून घ्या, त्याला मी अनुमोदन देते.’

‘रॅक आजच्या विषयपत्रिकेवर नाही.’

‘मग मी आज काहीच देत नाही.’

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ खोकले. त्यांची सून माझ्याकडे शिकून न्यू जर्सीला गेली होती. त्यांच्या शेजारच्यांची पुढच्या महिन्यात जाणार होती. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले होते. माझ्या नवऱ्याने, ज्याने कधी चारचौघांत माझा हात धरला नव्हता, निऱ्यांमधून माझा हात शोधून घट्ट धरला.

‘अनुमोदक?’ तिसऱ्यांदा. नियमाप्रमाणे तीनदा. सेक्रेटरीकाका थांबले, पूर्ण अर्धं मिनिट असेल, घड्याळ बघून. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि उभ्यानेच लिहायला लागले, सभासदांच्या पाठिंब्याअभावी प्रस्ताव पडला, असं काहीतरी, इंग्रजीत. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. चाळीस माणसं बघत होती. या माणसाने सोसायटीत कधी कोणाला सगळ्यांदेखत सल्ला विचारल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून सरळ माझ्याकडे बघितलं.

‘मॅडम,’ ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अनेक सभासदांचं असेल, तर ते लटकन एसच्या आधी की नंतर?’

‘नंतर,’ मी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही मला सुचलं नाही.

‘नंतर,’ ते पुटपुटले, लिहिलं, शाई वाळू दिली आणि सभा संपल्याचं जाहीर केलं.